पुनो मेस्ताचं बिनउंबऱ्याचं घर

पुनो मेस्ताचे दोन्ही पाय ठणठणीत होते. मुळगावचा डोंगर चढताना त्याच्या तोंडातली विडीसुद्धा विझायची नाही, आणि मी मागून जीभ बाहेर काढून यायचो. असा हा माणूस रोजचा तास-दीड तास चाकांच्या खुर्चीत बसून काढायचा. आजारी म्हणून नव्हे हां, कामावर! डोक्याला टॉवेल, कानावर विडी, मांडीवर थापी, आणि मेस्त दोन्ही हातांनी चाकं ढकलत आमच्याच अर्ध्या बांधलेल्या भिंतींमधून फिरायचा. कुठं कोपर घासलं की थांबायचा आणि म्हणायचा, "बाबल, हें मोड."

बाबल म्हणजे मी. मोडणारा.

माझं शिक्षण विचारू नका. शाळेत मी गेलो होतो, पण शाळेचं छप्पर शाकारायला, आणि तेही पंचविशी उलटल्यावर. मी मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीवर पैसा आहे असं ऐकून डिचोलीत आलो आणि खनिजाच्या ट्रकावर किन्नर, म्हणजे क्लीनर, झालो. किन्नराचं काम सोपं. ट्रक मागं येताना मागं उभं राहायचं आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणायचं. थांबायचं कधी हे पण सांगायचं असतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. ट्रक गेला भाताच्या शेतात. ड्रायव्हर उतरला, चिखलातून माझ्यापर्यंत आला आणि शांतपणे म्हणाला, "बाबल, तू उद्यापासून येऊ नको दे."

तिथून मी पुनो मेस्ताच्या हाताखाली लागलो. मेस्त तसा गवंडी, पण आमच्याकडे हात चालणाऱ्या माणसाला मेस्तच म्हणतात. चिऱ्याचं बांधकाम करावं तर त्यानं. दोन चिऱ्यांच्या मधून मुंगीनं जायचं म्हटलं तरी तिनं आडवं व्हावं. माझ्या बांधकामातून मांजर जायचं. म्हणून मला बहुतेक कालवायला आणि मोडायलाच ठेवलेलं.

गोवा तेव्हा नवीन नवीन राज्य झालेलं. डिचोलीच्या बाजारात कोकणी की मराठी यावरून अजून हातघाई चालायची. मी दोन्ही बाजूंनी ओरडून आलो. दोन्हीकडे चहा मिळाला, एकीकडे भजी पण. त्याच दिवसांत गावातल्या चार व्यापाऱ्यांनी आणि एका डॉक्टरीणबाईंनी मिळून कमिटी केली आणि मुळगावच्या वाटेवर एक घर बांधायला काढलं. घर कोणासाठी, तर ज्यांना चालता येत नाही, हात हलत नाहीत, घरच्यांना उचलून उचलून कंटाळा आलाय, अशा सहा माणसांसाठी. हॉस्पिटल नाही, आश्रम नाही, घर. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची कडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाला हाक न मारता त्यांना खाटीवरून अंगणात येता आलं पाहिजे. कमिटीच्या पहिल्या तीन बैठका मात्र घरावरची पाटी कोकणीत लिहायची की मराठीत यातच गेल्या. शेवटी पाटीच लावली नाही. आजही नाही.

काम पुनो मेस्ताला मिळालं, आणि माप घ्यायला म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती खुर्ची दिली. मेस्ताकडे टेप होता, पण त्या दिवसापासून टेप खिशात गेला आणि मेस्त खुर्चीत गेला.

त्याचं एक म्हणणं होतं, ते तो जेवतानासुद्धा म्हणायचा: "हातभर चड, तर बारा हात वाट." म्हणजे दार जमिनीपासून हातभर उंच असेल तर उतार बारा हात लांब हवा, तरच खुर्चीतला माणूस आपल्या जोरावर वर येतो. कमिटीतले एक शेटजी म्हणाले, बारा हात कशाला, सहा करूया, जागा वाचेल. मेस्तानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि सहा हातांचा फळ्यांचा उतार लावून दिला. शेटजी अर्ध्यापर्यंत चढले आणि मागल्या पायी, म्हणजे मागल्या चाकी, थेट वाळूच्या ढिगात. खाली मीच उभा होतो, म्हणून वाचले. माझ्या पायाचा अंगठा अजून पावसाची वर्दी आधी देतो. उतार बारा हातांचा झाला.

दुसरं म्हणणं होतं, "विचारून सांगतां."

हे मात्र मला कळायचं नाही. काहीही विचारलं, नळ किती उंचीवर, जनेल म्हणजे खिडकी कुठं, कपाटाची कडी कशी, की मेस्त मान हलवायचा, "विचारून सांगतां." संध्याकाळी खुर्ची घेऊन घरी जायचा. चोरी नको म्हणून नेतो, असं मी समजायचो. सकाळी येऊन उत्तर द्यायचा. बहुतेक उत्तर एकच असायचं, "हें मोड." जनेल आम्ही नेहमीसारखी छातीच्या उंचीवर ठेवली होती. सकाळी मेस्त म्हणाला, "मोड. सकयल घे. खाटीर पडिल्ल्याक रस्तो दिसूक जाय." जनेल खाटीच्या उंचीला खाली आली. नळाची फिरवायची चावी होती, ती काढून पळीच्या दांड्यासारखा लांब दांडा बसवला, कोपरानं ढकलला तरी पाणी यावं. बटणं माझ्या कमरेपर्यंत खाली आली. इंजिनीयर येऊन बघून गेला आणि त्यानं आपल्या कागदावर खोडाखोड केली. एवढी अक्कल मेस्ताला येते कुठून?

मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. मला सापडलेली उत्तरं नेहमी भारी असतात. मेस्त रोज संध्याकाळी देवळात जाऊन कौल घेतो! आमच्याकडे रीतच आहे. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्न, विहीर, खटला, सगळं विचारतात. मेस्त नळ विचारत असणार. त्यानंतर मी त्या नळाला रोज पाया पडायचो. देवानं सांगितलेला नळ, दोन बोटं खाली.

आता माझी पाळी सांगतो. संडास-न्हाणीची खोली झाली, तेव्हा मेस्तानं मला खुर्चीत बसवलं आणि सुंभानं माझे दोन्ही पाय बांधले. म्हणाला, "सकाळ जाली. उठ, तोंड धू, जायचं तिकडं जा, भायर ये." आणि बाहेर जाऊन दाराशी विडी पेटवून बसला. तोंड धुतलं. निम्मं पाणी माझ्यावर, निम्मं खुर्चीवर, तोंड कोरडंच. मग बसकं भांडं होतं तिकडं गेलो. भिंतीला धरायला लोखंडी पाइप होता. तो धरून मी अंग उचललं आणि पाइप भिंतीसकट माझ्या हातात आला. तो मीच बसवला होता. मी भांड्याच्या आणि भिंतीच्या मधे जो अडकलो, तो बाटलीतल्या बुचासारखा. बोंब मारली.

बाहेरून मेस्त म्हणाला, "बोब मारू नको रे. हांगा कोण पडलो आणि ताचो आवाज बसलेलो आसलो, तर कोण आयकतलो?"

मी म्हटलं, "मेस्ता, माझो आवाज आसा, तुमी आयका."

त्यानं मला काढलं, पण आधी बसून नीट बघितलं की माझा हात कुठवर पोचतो. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर घंटेची दोरी आली. पडलेल्या माणसानं ओढली की अंगणात घंटा वाजते. येणारे पाहुणे तिचं कौतुक करतात. ती दोरी म्हणजे माझ्या बुडाचं स्मारक आहे हे मी कोणाला सांगत नाही, तुम्हालाच सांगितलं.

या माणसाची एकच गोष्ट मला लागायची. तो हसायचा नाही. मी दिवसभर बडबडतो. अख्खी डिचोली माझ्यावर हसते, तेवढीच आपली मिळकत. मेस्ताच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. पण संध्याकाळी हात धुताना म्हणायचा, "तें संडासात पडलंय तें परत सांग. सावकाश." मी परत सांगायचो. मधेच थांबवायचा, "आणि मग तू कितें म्हणालंय?" ओठ हलवत राहायचा, पोरं पाढे पाठ करतात तसे. मग खुर्ची ढकलत निघून जायचा. हसला नाही तो नाहीच. मला वाटायचं, माझ्या मूर्खपणाचा हा कुठंतरी हिशोब ठेवतोय आणि एक दिवस काढून टाकणार.

त्याच्या घरी मी सहा वर्षांत बाहेरच्या सोप्याच्या पुढं गेलो नव्हतो. तो स्वतःच आतून चहाचे कोप घेऊन यायचा. घर बघण्यासारखं. तीन पायऱ्या, आणि दाराला फणसाचा गुडघाभर उंच उंबरा. त्याच्या बापानं घातलेला, कडेला वेलबुट्टी कोरलेला. त्या वाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा. लग्न मेस्ताचं झालेलं नव्हतं. आत कोण आहे, मला माहीत नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं म्हणे. पण मी एवढा बोलतो की मला काही सांगायला कोणाला फट मिळत नाही.

घर तयार झालं. पहिली येणार होती दुर्गा. सव्वीस वर्षांची, लाटंबार्सेकडची. सहा वर्षांपूर्वी काजूच्या डोंगरावरून पडली ती कमरेखालून गेली. आधी भावाच्या मागल्या पडवीत, मग दुसरीकडे एका मोठ्या हॉलात, चोवीस खाटी ओळीनं. तिथं दोन बाया येऊन तिला पोत्यासारखी उचलायच्या, धुवायच्या, ठेवायच्या. दुर्गा तिथून भांडून परत पडवीत आली होती. डॉक्टरीणबाईंना तिनं साफ सांगितलं होतं, एक दिवस येऊन बघते. आपल्या हातांनी आत गेले आणि आपल्या हातांनी बाहेर आले, तर राहीन. कोणाला एकदा जरी उचलायला लागलं, तर पडवी काय वाईट? आणि बाकीच्या पाच जणांच्या घरचे दुर्गाकडे बघून थांबले होते. ती राहिली तर ते येणार. म्हणजे सगळं घर त्या एका पोरीच्या 'हो'वर उभं होतं.

आदल्या दिवशी मेस्त चार वाजताच खुर्ची घेऊन घरी गेला. मला म्हणाला, झाडून घे, आणि कशाला हात लावू नको.

मी झाडत होतो, तेवढ्यात शेजारची एक म्हातारी बघायला आली. सगळं बघितलं. वाहवा केली. जाताना दारात थबकली आणि म्हणाली, "उंबरो खंय रे?"

मी बघितलं. उंबरा नव्हताच! अंगणातला उतार, दार, आतली जमीन, सगळं एका पातळीत, पाण्यासारखं. मी रोज तिथून जात होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हातारी म्हणाली, "बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी थारत नाय बाबा. आणि बाकीचां सगळां मात्र आत येता." आणि गेली.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? शहाणे असता तर काही नाही. मी विचार केला. सहा माणसं, आधीच देवानं मारलेली, आणि त्यांना आपण उघड्या दाराच्या घरात ठेवायचं? हिरण्यकश्यपूला मारायला देवालासुद्धा उंबरा लागला. मेस्त म्हातारा झाला, विसरला असणार. देवाला नळ विचारला आणि उंबरा विचारायचा राहिला. उरलेली शिमीट होती, वाळू होती. मी घातला. जास्त नाही, चार बोटं उंच. वरून गुळगुळीत केला, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. अर्धं खोबरं खाल्लं, अर्धं मेस्ताला ठेवलं. त्या रात्री मी जेवढा शांत झोपलो, तेवढा जन्मात झोपलो नाही.

सकाळी टेंपो आला. दुर्गा, तिचा भाऊ, डॉक्टरीणबाई, शेटजी लोक. मेस्त खुर्ची घेऊन आला. नवीन शर्ट घातलेला. तो शर्ट त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. दुर्गा टेंपोतून फळीवरून घसरत आपली आपण खुर्चीत बसली. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आणि बारा हातांचा उतार चढायला लागली.

एक हात. दोन हात. पोरीचे दंड मेस्तापेक्षा घट्ट होते. नवव्या हाताला दम घेतला, बाराव्याला वर पोचली. मेस्त मागं उभा होता, त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आणि खुर्ची टकदिशी अडली.

दुर्गानं खाली बघितलं. हळदकुंकू लावलेला उंबरा. मेस्तानं बघितला. मग मेस्तानं माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या ट्रकाच्या ड्रायव्हरची फार आठवण आली.

भाऊ पुढं झाला, चारच बोटं तर आहेत म्हणाला, उचलतो मी. दुर्गा म्हणाली, "हात लावू नको." मग कोणाकडे न बघता म्हणाली, "हांगाय तसेंच तर. चार बोटां काय, नि चार पायऱ्यो काय." आणि खुर्ची वळवायला लागली.

मी पुढं गेलो. म्हटलं, बाय, ह्यांचा दोष नाही, हे गाढव मी आहे, घराचं बरं व्हावं म्हणून घातला. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले. शेटजी नारळाकडे बघत होते.

मेस्त मात्र ओरडला नाही. तो दुर्गाच्या पुढं येऊन उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि म्हणाला, "बाय, एक कोप चा पी. तुझो चा सोंपासर हो उंबरो आसलो, तर मीच तुका टेंपोकडे पावयतां."

चहा आला. मेस्तानं घण घेतला. रात्रभर मुरलेली शिमीट, एका चहात काय फुटणार?

पहिल्या घावाला अर्धा उंबरा उडाला. दुसऱ्याला उरलेला. पीठ झालं हो त्याचं! मेस्त खाली वाकला, एक तुकडा उचलून बोटात चुरला. भाकरीसारखा चुरला गेला.

"तुझें नशीब बरें बाय," मेस्त म्हणाला. "हो बाबलान घातिल्लो. मी घातलो आसलो, तर तुका जेवणापर्यंत रावचें पडपाचें."

दुर्गाच्या नाकातून चहा आला. एवढी हसली की कोप हातातून घ्यावा लागला. माझं बांधकाम आयुष्यात एकदाच कोणाच्या उपयोगी पडलं, ते कच्चं होतं म्हणून.

मी झाडून घेतलं आणि ती आत गेली. नळाचा दांडा कोपरानं दाबून बघितला. खाटीवर चढली, उतरली. पडून जनेलातून बघितलं, रस्त्यावर पोदेर सायकलवरून पाव घेऊन चालला होता, त्याला हात केला. मग न्हाणीच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

बराच वेळ गेला. काही आवाज नाही. डॉक्टरीणबाई दाराशी जायला लागल्या तसं मेस्तानं मान हलवली, नको म्हणून. भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होता. माझं लक्ष घंटेकडे. ती काही वाजली नाही.

दुर्गा बाहेर आली, तोंड धुतलेलं, केस ओले. म्हणाली, "सा वर्सांनी कडी म्हज्या हातान घातली." आणि भावाला म्हणाली, माझी पेटी टेंपोतून काढ.

आम्ही सगळे जे बसलो, ते जमिनीवरच बसलो. खुर्ची एकच होती आणि तिच्यात दुर्गा होती.

थोड्या वेळानं दुर्गाच म्हणाली, उंबरा नाही म्हणतात ते पण बरं नाही, हळदकुंकू कुठं लावायचं? मेस्त म्हणाला, "विचारून सांगतां." दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाची एक फळी घेऊन आला आणि दारात जमिनीच्या आत बसवली. वरून हात फिरवला तर कळू नये, पण बघितलं तर उंबरा. लक्ष्मीला दिसेल, चाकाला लागणार नाही. शेजारच्या म्हातारीनं येऊन बघितलं. वाकून बोट फिरवलं, म्हणाली, चालता. महिन्याभरात बाकीचे पाच जण आले.

त्यानंतरच्या रविवारी मेस्त माझ्या खोलीवर आला. म्हणाला, "घण घे. म्हज्या घरा चल."

मला वाटलं, काढून टाकायच्या आधी घरचं काहीतरी काम करून घेतो. गेलो. मेस्त आपल्या दाराशी उभा राहिला, तो बापानं घातलेला गुडघाभर उंबरा बघत. म्हणाला, "बाबल, हें मोड."

मी घण खाली ठेवला. म्हटलं, मेस्ता, माझ्या चुकीची शिक्षा मला द्या, ह्याला का? तो उंबऱ्यावरच बसला आणि सांगायला लागला. सहा वर्षांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मी पहिल्यांदाच गप्प होतो. त्याची थोरली बहीण आत होती. अठरा वर्षं. ताप आला आणि पाय गेले. तेव्हाच तो उंबरा काढायला निघाला होता, तिनं काढू दिला नाही. म्हणाली, तुझी नवरी आली की माप कशावरून लवंडणार? तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवतात, नवी सून ते पायानं लवंडून आत येते. बिनउंबऱ्याच्या घरात मुलगी कोण देणार? तिनं उंबरा राखला त्याच्या लग्नासाठी. आणि मुलीकडचे लोक बघायला यायचे, आत बहीण दिसायची, चहा पिऊन जायचे. नवरी आली नाही, उंबरा राहिला. दर वर्षी हा विचारायचा, काढू? ती म्हणायची, एक वर्स राव.

"दुर्गाच्या फळयेचें तिका सांगलें," मेस्त म्हणाला. "काल म्हणाली, मोड."

उंबरा मोडायला मला घण मारू दिला नाही. त्यानं तो पहारीनं सांभाळून उचकटला, वेलबुट्टीची कड करवतीनं कापून काढली आणि तीच फळी जमिनीत बसवली. बापाची वेलबुट्टी वर, आभाळाकडे. पायऱ्यांचं दुसऱ्या दिवशी बघायचं ठरलं. तीन पायऱ्या म्हणजे हातभर उंची, म्हणजे बारा हात वाट, आणि अंगण नऊच हातांचं. मेस्तानं कोळशानं रेघ मारली ती तुळशीला वळसा घालून नेली.

मग आतून कुरकुर आली. डाव्या चाकाची. ती कुरकुर मी झोपेतसुद्धा ओळखेन. घराला नव्या खुर्च्या आल्यावर डॉक्टरीणबाईंनी ती जुनी खुर्ची मेस्तालाच ठेव म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मला लख्ख कळलं की रोज संध्याकाळी खुर्ची कुठं जायची, आणि नळ, जनेल, बटणं कुठल्या देवाला विचारून यायची. ज्या नळाला मी पाया पडत होतो, त्याचा कौल ह्या घरात लागत होता.

बाय, मेस्ताची बहीण, दारात आली. केस पिकलेले, त्यात आबोलीची वेणी. फळीशी थांबली, वाकून बोटं लावली, कपाळाला नेली आणि चाकं पुढं ढकलली. सोप्यावर आली. उन्हात डोळे बारीक केले, आधी तुळशीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. आणि हसायला लागली.

मी अजून काही बोललोच नव्हतो.

"तू बाबल न्हय रे?" म्हणाली. "ट्रक शेतात घातिल्लो?"

मी म्हटलं, हो बाय, मीच तो.

मग तिनं एकेक काढायला सुरुवात केली. शेटजी वाळूत गेले ते. पाइप हातात आला तो. बाटलीचं बूच. सहा वर्षांतलं माझं एक गाढवपण सुटलं नव्हतं, माझ्याच शब्दांत, मी जिथं थांबतो तिथं थांबून. माझे सगळे विनोद रोज सांजेला ह्या घरात येत होते, मेस्ताच्या तोंडात पाठ करून.

"हो सांगता तेन्ना पंचायतीची नोटीस वाचता तसो सांगता," बाय म्हणाली. "तरी म्हाका हांसूं येता. तूच कसो सांगतलो तें मी मनात करतां."

मेस्त खाली बसून फळीच्या कडेची शिमीट बोटानं पुसत होता. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"अर्दी मजा वाटेर सांडता," तो म्हणाला. "आतां तूच सांग."

"खंयची सांगू?"

"उंबऱ्याची. सावकाश."

मी पायरीवर बसलो. घसा दोनदा साफ केला. बाय वाट बघत होती, हात चाकांवर ठेवून, हसायच्या तयारीत.

"बाय," मी म्हटलं, "पयली गोष्ट म्हणजे, शिमीट माझी होती."